मॅच एअर रायफलसाठी हलके धातू: कुठला, कुठे आणि किती

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या घरात वर्षभरात एक प्रश्न हमखास येतो. क्लबची मॅच एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणारी स्पर्धेची रायफल, जड पडते, सराव संपेपर्यंत डावा खांदा भरून येतो, आणि मग कुणीतरी सुचवतं, "टायटॅनियमचे पार्ट बसवून घ्या, निम्मं वजन कमी होईल." स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आपल्या मराठवाड्यातले पालक मला हे जास्तच विचारू लागलेत. पैसे खर्च होण्याआधी त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

हलक्या धातूंच्या रायफलींबद्दल इंटरनेटवर जे सापडतं, ते बहुतेक परदेशातल्या डोंगरी शिकाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. ते दिवसभर रायफल खांद्यावर वाहतात आणि झाडतात एखादीच गोळी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. आपला खेळाडू 10 मीटरवर उभा राहून सव्वा तासात 60 छर्रे मारतो, आणि लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. इथं रायफलीचं वजन मदतही करतं, कारण जड रायफल हाताच्या बारीक थरथरीला दाद देत नाही. म्हणून तर मोठे नेमबाज 5.5 किलोच्या कमाल मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी रायफल वापरतात. हलका धातू वापरायचा तो नको तिथलं वजन काढण्यासाठी, म्हणजे हवं तिथं ते ठेवता येतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी मात्र एकूण वजनही खरोखर कमी करावं लागतं.

हात कशाला लावायचा नाही

बॅरल (नळी), अॅक्शन (छर्रा भरायची आणि मारायची यंत्रणा), ट्रिगर युनिट, व्हॉल्व्ह आणि हवेचा सिलिंडर कंपनीकडून आले तसेच राहतील. त्यांना ड्रिल, फाइल, लेथ काहीही लागता कामा नये. सिलिंडरमध्ये साधारण 200 बारचा दाब असतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभर पट. त्याच्यावर ओरखडा काढून दोन ग्रॅम वाचवण्याचा विचारसुद्धा नको. जुनी रायफल विकत घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी पाहा. कंपन्या त्याला साधारण 10 वर्षांचं आयुष्य देतात. तारीख उलटून गेली असेल तर नवा सिलिंडर घ्या, आणि तुमच्या मॉडेलसाठी अॅल्युमिनियमचा मिळत असेल तर तोच घ्या. वजन कमी करण्याचा हा सगळ्यात सोपा आणि कंपनीनंच तपासून दिलेला मार्ग आहे.

कायद्याचं एक सांगून ठेवतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे .177 बोअरच्या (नळीचा आतला व्यास 4.5 मिलिमीटर) आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच रायफलची ताकद याच्या निम्म्याहूनही कमी असते. ती वाढवण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. खेळाला तिचा काही उपयोगही नाही.

म्हणजे आपल्या हातात उरतं ते असं: बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि तिचे दांडे, चीकपीस (गाल टेकवायचा भाग), फोरएंडखालचा म्हणजे डावा हात आधार देतो तिथला ब्लॉक, साइट (नेम धरायचं साधन) उंच करायचे ब्लॉक, पुढची वजनं आणि हे सगळं धरून ठेवणारे स्क्रू. यातल्या प्रत्येकाच्या मापाला स्पर्धेच्या नियमावलीत मर्यादा आहेत. त्यामुळे काही बनवण्याआधी चालू वर्षाची नियमावली आणि आपला कोच, दोघांनाही विचारा.

वजन नुसतं मोजू नका, कुठं आहे तेही मोजा

रायफल रिकामी आहे हे तपासा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाला, मग एकूण वजन घ्या. त्यानंतर ती गोल दांडीवर आडवी ठेवून तोल साधतो तो बिंदू शोधा आणि ट्रिगरपासून त्याचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. तिसरं मोजमाप सगळ्यात कामाचं, आणि ते फारसं कुणी घेत नाही. बटप्लेट टेबलाच्या कडेवर टेकवायची, डावा हात जिथं येतो तिथं पट्टा घालून प्रवासी बॅगा मोजायच्या हुकाच्या काट्याला रायफल आडवी लटकवायची. काटा दाखवेल तो डाव्या हातावरचा भार.

एक उदाहरण घेऊन गणित मांडतो. रायफल 4.6 किलो. तोल ट्रिगरच्या 12 सेंटिमीटर पुढं. डावा हात ट्रिगरच्या 18 सेंटिमीटर पुढं, खांदा 32 सेंटिमीटर मागं, म्हणजे हात आणि खांदा यांच्यात 50 सेंटिमीटर. डाव्या हातावरचा भार होतो 4.6 गुणिले 44 भागिले 50, म्हणजे सुमारे 4.05 किलो.

आता बाजारातली हलकी बटप्लेट बसवली आणि मागून 200 ग्रॅम काढले. रायफल 4.4 किलोची झाली, पण तोल पुढं सरकून 14 सेंटिमीटरवर गेला. डाव्या हातावरचा भार पुन्हा काढा: 4.4 गुणिले 46 भागिले 50. उत्तर परत 4.05 किलो. पैसे गेले, काट्यावर वजन कमी दिसलं आणि पोराचा हात तितकाच दुखतोय. वर तोंड जड झाल्यानं तोल बिघडला तो वेगळाच.

त्याऐवजी पुढच्या टोकाजवळ, ट्रिगरपासून 60 सेंटिमीटरवर 150 ग्रॅमची स्टीलची वजनं लावलेली असतील आणि तीच काढली, तर डाव्या हातावरचा भार जवळपास 275 ग्रॅमनं उतरतो. काढलेल्या वजनाच्या पावणेदोन पटीहून जास्त, आणि खर्च शून्य. दोन्ही बदल एकत्र केले तर रायफल 4.25 किलोची होते, तोल 12.4 सेंटिमीटरवर परत येतो आणि हातावर 3.77 किलो उरतात. लहान खेळाडूला हा फरक पहिल्याच सरावात जाणवतो. उभं राहताना थोडंफार वजन पाठीच्या बाकावर, कमरेवर जातं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे जरा वेगळे येतील. पण कुठून काढलेलं वजन कुठं लागू पडतं हे या गणितातून नेमकं कळतं.

धातू कापण्याआधी चिकटपट्टी

इथं घाई करू नका. जे वजन काढता येतं ते काढून, जे वाढवायचं ते पितळी वॉशर किंवा शिशाच्या पट्ट्या कापडी टेपनं चिकटवून किमान दोन आठवडे सराव करा. जागा बदला, पुन्हा करा. वहीत तोलाचं अंतर, डाव्या हातावरचा भार आणि शेवटच्या 20 छर्‍यांचे गुण लिहा. पहिल्या वीसपेक्षा शेवटचे वीस महत्त्वाचे, कारण वजन खरं छळतं ते थकल्यावर. क्लबमध्ये बॅरलची हालचाल दाखवणारं इलेक्ट्रॉनिक ट्रेनिंग यंत्र असेल तर त्याचा आलेखही जपून ठेवा. पुष्कळ जणांचं काम इथंच संपतं. नवा धातू लागतच नाही, नुसती जागा बदलल्यानं रायफल हाताला बसते.

वाढत्या मुलांसाठी अजून एक. आज 38 किलोच्या पोरीसाठी घासूनपुसून हलकी केलेली रायफल दोन वर्षांनी तिलाच फार हलकी वाटेल. म्हणून मूळ स्टीलचे पार्ट फेकू नका, विकू नका. कापडात गुंडाळून, तेलाचं बोट फिरवून ठेवून द्या.

कोणता धातू

एका घन सेंटिमीटरचं वजन असं: साधं स्टील 7.85 ग्रॅम, टायटॅनियमचा ग्रेड-5 हा मिश्रधातू 4.43, अॅल्युमिनियम 2.7, मॅग्नेशियमचे मिश्रधातू 1.8 च्या आसपास. हे पाहून मॅग्नेशियमकडे मन धावतं. पण धातू किती वाकतो हा दुसरा आकडाही बघावा लागतो. स्टीलचा ताठपणा 200 गिगापास्कल, टायटॅनियमचा 114, अॅल्युमिनियमचा 70, मॅग्नेशियमचा 45. आता प्रत्येकाचा ताठपणा त्याच्या वजनानं भागून पाहा. चारही वेळा उत्तर 25 च्या आसपासच येतं. किलोमागं ताठपणा देण्याच्या बाबतीत या चार धातूंत कुणीही सरस नाही.

मग हलक्या धातूचा फायदा कशात? जाडीत. हलका धातू त्याच वजनात जाड वापरता येतो, आणि पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा वाकायला विरोध आठपट होतो. स्टीलच्या पट्टीइतकीच ताठ अॅल्युमिनियमची पट्टी 1.4 पट जाड लागते, पण वजन निम्मं भरतं. टायटॅनियमची त्याच ताठपणाची पट्टी सुमारे 68 टक्के वजनाची होते. म्हणजे जिथं जाडीला जागा आहे तिथं अॅल्युमिनियम टायटॅनियमला मागं टाकतं, आणि तेही कितीतरी स्वस्तात.

बटप्लेटचा दांडा घ्या: 12 मिलिमीटर व्यासाचा, 80 मिलिमीटर लांब. स्टीलमध्ये तो 71 ग्रॅमचा, टायटॅनियममध्ये 40 ग्रॅमचा होतो, पण टायटॅनियमचा स्टीलपेक्षा जास्त लवतो. तोच 16 मिलिमीटर व्यासाचा अॅल्युमिनियममध्ये बनवला तर 43 ग्रॅम भरतो आणि 12 मिलिमीटरच्या स्टीलइतका ताठ राहतो. तीन ग्रॅमच्या फरकासाठी टायटॅनियमचा खर्च मला तरी पटत नाही. स्टॉकमधलं (सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या सांगाड्यातलं) भोक 12 चंच असेल आणि मोठं करता येत नसेल, तेवढ्याच ठिकाणी टायटॅनियमचा विचार करा.

आपल्या कामाला अॅल्युमिनियमचे दोन प्रकार पुरतात. 6061 किंवा 6082 (यातल्या 6082 ला जुने कारागीर आणि धातूचे दुकानदार एचई-थर्टी म्हणून ओळखतात) सहज मिळतं, छान कापलं जातं, घामाला बऱ्यापैकी टिकतं. चीकपीस, फोरएंड ब्लॉक, साइट ब्लॉक यांना हेच वापरा. 7075 जवळपास पावणेदोन पट मजबूत. बारीक, जास्त ताण घेणाऱ्या जागी, उदाहरणार्थ बटप्लेटच्या हुकाला, ते योग्य. पण त्याला वेल्डिंग चालत नाही, आणि घामाच्या बाबतीत ते 6061 पेक्षा नाजूक आहे. ताठपणा दोघांचा सारखाच, त्यामुळे "7075 घेतलं की वाकणार नाही" हा समज काढून टाका. ते तुटायला आणि कायमचं वाकायला जास्त जोर लागतो, एवढंच.

वाळूजच्या डायकास्टिंग कारखान्यांमुळे आपल्याकडे दुचाकीच्या पार्टांचं अॅल्युमिनियम भंगारात भरपूर दिसतं. ते वितळवून किंवा त्यातलाच तुकडा कापून पार्ट बनवायचा मोह टाळा. डायकास्टिंगचा माल आतून सच्छिद्र असू शकतो आणि आटे धरत नाही.

मॅग्नेशियम माझ्या यादीत नाही. त्याचा बारीक कीस पेट घेतो आणि पाणी टाकलं तर आग आणखी भडकते. ज्या वर्कशॉपमध्ये कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची वेगळी पावडर तयार नाही, तिथं ते मशीनवर चढवूच नये. शिवाय घाम आणि स्टीलचा स्क्रू यांच्या संगतीत ते झपाट्यानं खाल्लं जातं. बेरिलियम तर दूरच ठेवा. त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. स्कँडियमचं नाव फार ऐकू येतं, पण स्कँडियमचा पार्ट म्हणून जे विकतात ते अॅल्युमिनियमच असतं, त्यात स्कँडियम साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. मजबुती वाढते, वजन आणि ताठपणा जवळपास तोच.

टायटॅनियमच्या स्क्रूंबद्दल वेगळं सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथं वाया जातात. एम-6 चा 30 मिलिमीटर लांब स्टीलचा स्क्रू सुमारे 8 ग्रॅमचा, टायटॅनियमचा साडेचार ग्रॅमचा. सहा बदलले तरी जेमतेम 21 ग्रॅम वाचतात. तेवढं वजन अॅल्युमिनियमच्या ब्लॉकला मागून एक खिसा कोरला की निघतं.

माल खरा आहे का

कटपीस विकणाऱ्याकडून माल घेतला तर तपासूनच मशीनवर लावा. टायटॅनियमला चुंबक धरत नाही, पण 304 स्टेनलेसलाही सहसा धरत नाही, त्यामुळे चुंबकावर विसंबू नका. घरच्या घरी घनता काढता येते. ग्लासभर पाणी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. कोरडं वजन त्या आकड्यानं भागा. स्क्रू कोरडा 13.3 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 3.0 आला तर उत्तर 4.43, माल टायटॅनियम. त्याच आकाराचा स्टेनलेस 24 ग्रॅमचा निघाला असता. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.

छोट्या स्क्रूसाठी स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. ओळखीच्या सराफाकडे जा, त्याच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो. 6061 आणि 7075 मधला फरक मात्र 2.70 आणि 2.81 इतकाच आहे. तो पकडायला दोनशे ग्रॅमचा तरी ठोकळा घ्या: 6061 चा असेल तर पाण्यात 74 च्या आसपास, 7075 चा असेल तर 71 च्या आसपास आकडा येईल. नवा बार घेत असाल तर दुकानदाराकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा. टायटॅनियम मिश्रधातू बनवणारा मिधानी हा सरकारी कारखाना नांदेड-लातूरकरांना जवळ असलेल्या हैदराबादलाच आहे, पण त्याचा माल प्रामुख्यानं संरक्षण आणि अवकाश क्षेत्रासाठी जातो.

वर्कशॉपमध्ये

छत्रपती संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये अॅल्युमिनियम रोजचंच आहे. अडचण वेगळी असते: एकच नग कुणाला करायचा नसतो. म्हणून क्लबमधल्या तिघा-चौघांचं काम एकत्र न्या, हातानं का होईना पण मापं घातलेलं ड्रॉइंग न्या, आणि मूळ पार्ट सोबत ठेवा. कोणतं माप अचूक हवं आणि कुठं अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं चालेल ते ड्रॉइंगवरच लिहा. सगळीकडं अचूकता मागितली की भाव वाढतो.

टायटॅनियमचं काम असेल तर आधीच विचारा, "हे आधी कापलंय का?" हा धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही, बहुतेक उष्णता टूलच्या टोकावर साचते. गती कमी, फीड सलग आणि कूलंट भरपूर लागतं. टूल बोथट झालं की घासून घासून पृष्ठभाग कडक होतो आणि मग पुढं कापणं मुश्कील. त्याचा बारीक कीसही पेटू शकतो, ढीग साचू देऊ नये.

आटे पाडताना अॅल्युमिनियममध्ये स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोली ठेवा. एम-5 ला 8 ते 10 मिलिमीटर. जो स्क्रू दर सरावाला सैल-घट्ट होतो तिथं स्टीलचा हेलिकॉइल इन्सर्ट (आट्यांना आतून मजबुती देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, नाहीतर सहा महिन्यांत आटे मोकळे होतील. आतले कोपरे चौकोनी काढू नका, गोलाई द्या. भेग तिथूनच सुरू होते. चेहरा आणि हात लागतो त्या प्रत्येक कडेवरची धार मोडून घ्या.

अॅनोडायझिंग आणि जोडणी

सगळी भोकं, सगळे आटे आधी पूर्ण करा, मगच पार्ट अॅनोडायझिंगला (अॅल्युमिनियमवर विजेनं ऑक्साइडचा कडक थर चढवायला) द्या. या थराचा साधारण निम्मा भाग पृष्ठभागाच्या वर वाढतो. 20 मायक्रॉनचा थर दिला तर भोकाचा व्यास जवळपास 20 मायक्रॉननं कमी होतो आणि दांड्याचा तितकाच वाढतो. सरकते दांडे असतील तर त्यांच्यात आणि भोकात तेवढी फट आधीच ठेवायला ऑपरेटरला सांगा. हातानं सारखे हाताळले जाणारे पार्ट हार्ड अॅनोडायझिंगला द्यावेत, रंग लवकर उडत नाही.

जोडताना अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या स्टीलच्या स्क्रूला ग्रीसचं बोट लावा, म्हणजे घाम आणि दोन धातू मिळून होणारी गंज थांबते. टायटॅनियमचा स्क्रू टायटॅनियममध्ये कोरडा कधीच फिरवू नका. तो मध्येच असा जाम होतो की कापूनच काढावा लागतो. त्यासाठी मिळणारी अँटीसीझ पेस्ट वापरा. एम-5 ला अॅल्युमिनियममध्ये 3 ते 4 न्यूटन-मीटर पुरे, आणि अॅक्शन स्टॉकला धरणाऱ्या स्क्रूंना कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा पाळा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी एक सूचना. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या रेंजवर उघडं अॅल्युमिनियम गालाला सहन होत नाही. चीकपीसवर चामडं किंवा कॉर्कची पातळ पट्टी लावा, पण तिची जाडी आधीच धरून चीकपीस तेवढं खाली बनवा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत रायफल ठेवू नका. पार्टांपेक्षा भरलेल्या सिलिंडरची काळजी जास्त.

जोडणी झाली की पुन्हा तीन मोजमापं: एकूण वजन, तोलाचं अंतर, डाव्या हातावरचा भार. एकूण वजन साइटसकट, सगळ्या जोडण्यांसकट 5.5 किलोच्या आत हवं, आणि स्पर्धेचा काटा वेगळा असतो म्हणून थोडी जागा सोडूनच थांबा. चीकपीस किंवा साइट ब्लॉक बदलला असेल तर झीरो (नेम आणि छर्रा एकाच जागी जुळवणं) नव्यानं करावा लागेल. तो एका बैठकीत पक्का समजू नका, तीन-चार सरावांत स्थिरावू द्या. पहिल्या आठवड्यात दर सरावानंतर प्रत्येक स्क्रूवर चावी फिरवून पाहा. एखादा दुसऱ्यांदाही सैल सापडला तर निळ्या रंगाच्या, म्हणजे काढता येणाऱ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा. तरीही सैल होत असेल तर दोष आट्यांत आहे, तो पार्ट परत वर्कशॉपला न्या.